डेसचं लेबल

प्रिय ऑब्री,

तुझी पत्रं मिळाली, सगळी. शेवटच्या पत्रावरचे डाग चहाचे असावेत असं मी धरून चालले आहे, कारण तू रडतोस हे मला पटायला जड जातं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. डेसच्या खोलीत आता टोमॅटोची रोपं लावली आहेत. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरांपेक्षा ती लवकर वाढतात आणि त्यांना सुटे भाग लागत नाहीत.

माझ्या नवऱ्याची, डेसची, आठवण तुझ्याइतकी कुणीच काढत नाही, हे मात्र खरं. वुल्वरहॅम्प्टनच्या त्या चर्चच्या हॉलमध्ये, जुन्या कॉम्प्युटरांच्या बाजारात, तुम्ही दोघं शेजारीशेजारी टेबलं मांडून बसायचात. मेलेलं मशीन पडेल भावात उचलायचं, सुटं करायचं, बटणं, चिपा, वायरी विकायच्या, आणि त्यातून एखादं जिवंत मशीन घरी आणायचं. पगाराला हात लावायचा नाही, हा डेसचा नियम. त्या हॉलमध्ये ‘न तपासलेलं’ असं लेबल दिसलं की शेंबड्या पोरालाही कळायचं, की तपासलंय आणि मेलंय. तू तर ती लेबलं घरूनच लिहून आणायचास. डेस एकटाच वेडा. खात्री असली तरच ‘चालतं’, मेलेलं असेल तर ‘मेलं’, आणि खाली सही. “अरे पाद्रीबुवा, अशानं भिकेला लागशील!” म्हणून तू त्याची टर उडवायचास. पण स्वतःला काही हवं असलं की सगळे त्याच्याच टेबलाशी. त्याचं लेबल पाहिलं की तुम्ही मीटरसुद्धा न लावता थेट जोडायचात.

त्याचा जीव अडकला होता त्या लाकडी पेटीच्या मशीनमध्ये. कुठल्याशा बुडालेल्या छोट्या कारखान्यानं मोजकीच केलेली, आणि याच्यातला नेमका मेमरी बोर्ड गायब. ते एकदा सुरू झालेलं पाहायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. त्यापायी त्यानं आपले उत्तमातले उत्तम भाग तुझ्या घशात घातले. तू म्हणायचास, “शोधतोय रे. कॉर्नवॉलला एक म्हातारा आहे, त्याला आधी काहीतरी चारावं लागेल.” आणि डेस आणखी एक खोका तुझ्या गाडीत ठेवायचा. हॉस्पिटलात ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यानं विचारलं, “मिळाला का?” तू त्याचा हात थोपटलास. “पुढच्या महिन्यात, नक्की.” मी बाजूला संत्रं सोलत होते आणि मनात म्हणत होते, किती चांगला मित्र आहे हा.

अंत्यविधीच्या दिवशी तुझी बेरिल हॅमचं सँडविच खाता खाता मला म्हणाली, “आता तरी तो लाकडी मशीनचा बोर्ड आमच्या कपाटातून हलेल गं. किती वर्षं माझ्या कोटांखाली पडलाय, हा मेला पुसूही देत नाही.” आपण काय बोललो हे त्या बिचारीला कळलंच नाही. मी तिला आणखी एक सँडविच वाढलं. ऑब्री, त्या घटकेला मला तुझा इतका तिरस्कार वाटला की डेससाठी रडायचंही राहून गेलं.

त्याच आठवड्यात तू दारात हजर. “बोर्डाशिवाय हे नुसतं सरपण आहे, थेल. उगाच जागा अडवतंय. मी नेतो, तुझी कटकट मिटेल.” मी म्हटलं, ने बाबा, पण दोन दिवसांनी ये, जरा धूळ पुसून ठेवते. तू मशीन नेलंस, त्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबाही नेलास; त्यावर डेसच्या सहीचं ‘चालतं’ होतंच. मग हॉलमध्ये डेसचा फोटो मांडून समारंभ केलास. मी लिंबाचा केक करून आणला. “शेवटी मिळाला हो, डेसचा बोर्ड!” म्हणत तू तो सगळ्यांना दाखवलास, मशीनमध्ये बसवलास आणि बटण दाबलंस. चर्रकन आवाज, धूर आणि तो घाण वास. कोटांखाली इतकी वर्षं निवांत झोपलेला बोर्ड क्षणात जळाला. मी केक कापला.

पुढचं मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. कुणीतरी म्हणालं, म्हणजे डेसचंही लेबल चुकलं तर. त्यावर तू उभा राहिलास. “डेसचं लेबल चुकूच शकत नाही. मीच उलटं जोडलं.” ते ऐकून मी हातातला केक खाली ठेवला. पण राग गेला नाही. अजूनही नाही.

काल बेरिल आली होती. “जेवत नाही गं, नुसता भिंतीकडे बघत बसतो. त्याचा दोष नाही, असं दोन ओळींत लिही ना त्याला.” तिच्यासाठी लिहिते आहे. तुझा दोष नाही, ऑब्री. तू अगदी बरोबर जोडलं होतंस. पॉवर सप्लाय मेलेला होता, आणि डेसनं त्यावर लिहिलंही होतं, ‘मेलं. जोडू नका, बोर्ड जाळेल.’ ते लेबल मी किटलीच्या वाफेवर सोडवलं आणि दुसऱ्या खोक्यावरचं ‘चालतं’ तिथे चिकटवलं. त्यात डेसचं मशीनही गेलं, हे मला कळतं. त्याचं काय ते मी त्याला सांगेन. तू हे हॉलमध्ये खुशाल सांग. फक्त तो बोर्ड तुझ्याकडे कधीपासून होता, हेही मग सांगावं लागेल. ते जमणार नसेल तर ‘मीच उलटं जोडलं’ असंच मरेपर्यंत म्हणत राहा. तेवढं डेसचं नाव राहील. आणि जेवत जा, बेरिल काळजी करते.

तुझीच,
थेल्मा