तुझ्या बोटाचा थेंब

वाघोली, पुणे

तीर्थरूप आईस,
तुझ्या कांचनचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

दिवाळीत तुझं बोट टोचून मी मूत्रपिंडाचा आजार ओळखणारी माझी पट्टी पहिल्यांदा तपासली होती ना, सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची? काल माझ्या मार्गदर्शक सरांनी ती खराडीच्या कंपनीत दाखवली. "कल्पना माझी, पहिला थेंब माझ्या आईचा," म्हणाले.

मी उठून म्हटलं, "सर, ती आई माझी आहे."

सर हसले. "पोरगी जरा भावुक आहे."

आज त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. वडिलांच्या जागी मानत होते गं मी त्यांना.

तू मात्र गोळ्या बंद करू नकोस. पट्टीने तुझ्याबद्दल सांगितलं ते खरंच आहे.

तुझीच,
कांचन