कोऱ्या भांड्याची कल्हई

चेन्नई, १२ जानेवारी २००५

प्यारे अब्बा, सलाम.

पीएचडीचा विषय बदलावा लागणार नाही!

हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या माझ्या घटात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर प्लॅटिनमचे कण बसवायचे असतात. सहा महिने ते निसटत होते. नळ्या कोऱ्या, म्हणून मी तशाच वापरत होते. मग बल्लारपूरच्या बाजारात घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही सुनवायचात ते आठवलं : "कोऱ्या भांड्यालेबी घासा लागते, भाऊ. नाई तं कथील धरत नाई."

नळ्या आम्लात उकळल्या. प्लॅटिनम धरलं. घट पंधरा दिवस चालू आहे.

बोटावर जरा आम्ल उडालं, आता बरं आहे. तुमचा खोकला? अम्मी खरं सांगेल.

सर विचारतात, "हे आधी का नाही केलंस?" कल्हईवाल्याची मुलगी असून हे सुचलं नाही, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

तुमच्या दुआंवर निर्धास्त,
नसरीन