आवाजाची फाइल

३ मार्च, मंगळवार

आवाज गेला. दुसऱ्यांदा.

सकाळी ह्यांनी कॉम्प्युटर लावला, नेहमीच्या चिन्हावर दोनदा टिचकवलं आणि काहीच झालं नाही. चिन्ह पांढरंफटक. फाइल सापडत नाही म्हणे. मी असतील नसतील ते सगळे फोल्डर उघडून पाहिले. नाही ती नाहीच.

ऑपरेशनमध्ये ह्यांची स्वरपेटी काढली, त्याआधी हे कित्येक दिवस आतल्या खोलीत बसून माइकसमोर वाक्यं वाचत होते. ह्यांच्या हाताखाली पोहायला शिकलेली एक मुलगी आता प्रोग्राम लिहिते. तिने घरी येऊन त्या रेकॉर्डिंगवर चालणारा प्रोग्राम करून दिला. हे टाइप करायचे आणि स्पीकरमधून ह्यांचाच आवाज यायचा. तलावाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा तोच आवाज. पहिल्यांदा तो ‘भूक लागलीय’ म्हणाला तेव्हा मी स्पीकरकडे बघूनच ‘वाढते’ म्हणाले होते.

आज दिवसभर हे पाटीवर लिहीत होते. खडूची कुरकुर. बाकी घर गप्प.

४ मार्च

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवालीला बोलावलं. तिला वाटलं, अँटिव्हायरसने गिळला असेल. ज्याचा कर्ता त्याला ओळखू येत नाही असा प्रोग्राम तो उचलून कोठडीत टाकतो. तिने कोठडी उघडून पाहिली. रिकामी.

मी म्हटलं, मग इंटरनेटवरून दुसरा घेऊ. ती खुर्ची फिरवून माझ्याकडे वळलीच. “काकू, फोटो, गाणं, पत्र ह्या फायली नुसत्या पडून असतात. प्रोग्रामची फाइल उघडली की ती स्वतः कामाला लागते. ह्या कॉम्प्युटरवर तुम्ही जे जे करू शकता, ते सगळं ती तुमच्या नावाने करू शकते. कुणाच्या हातची आहे ते कळल्याशिवाय उघडायची नाही.”

ज्या मुलीने प्रोग्राम केला तिच्याकडूनच घ्या, म्हणाली. रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये शाबूत आहेत, त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. तिच्यासमोरच प्रत केली. जिवात जीव आला.

मुलीला मेल केला. लगेच उत्तर आलं, पण आपोआप जाणारं. ती समुद्रावर, सर्वेक्षणाच्या जहाजावर आहे. वीस तारखेनंतर परत.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी हात हलवला, राहू दे अशा अर्थाने. खचलेत.

७ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. ‘बाबांना दे.’ मग तिच्याच लक्षात आलं. तिने हवापाण्याचं काहीतरी विचारलं, मी काहीतरी सांगितलं.

फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.

८ मार्च

आज अशा ऑपरेशनच्या पेशंटांच्या घरच्यांच्या इंटरनेटवरच्या गटात कुणीतरी लिंक टाकली. ‘हरवलेला आवाज परत मिळवा, नवी आवृत्ती.’ प्रोग्रामचं नाव आपल्याच प्रोग्रामसारखं! खाली दोघातिघांचे आभार. प्रोग्रामवाल्या मुलीनेच सगळ्यांसाठी काढली असेल असं मी धरून चालले. धरून चालायचंच होतं मला.

फाइल उतरवली. चिन्ह गाण्याच्या फायलीसारखं, संगीताची छोटी खूण काढलेली. अँटिव्हायरसने अडवलं. मनात म्हटलं, कोठडी रिकामी असली तरी पहिला प्रोग्राम ह्यानेच गिळला असणार. बंद केला त्याला. मग एक चौकट आली, ह्या प्रोग्रामला कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? कर्ता अज्ञात.

होय दाबलं.

पडदा क्षणभर काळा झाला, परत आला. आवाज काही आला नाही. मला वाटलं, वेळ लागत असेल. कुकर लावायला उठले.

८ मार्च, संध्याकाळी

एकही रेकॉर्डिंग उघडत नाही. सगळ्या फायलींच्या नावांना कसलीशी अक्षरं चिकटली आहेत.

९ मार्च, सोमवार

कॉम्प्युटरवाली आली. पडद्यावर पैसे मागणारी पाटी होती. तिने आधी इंटरनेटची वायर उपटली, मग पाटी वाचली. पैसे देऊ नका म्हणाली, दिले तरी फायली मिळतीलच असं नाही. एकेका फाइलला कुलूप घातलंय आणि किल्ली पैसे मागणाऱ्यांकडे आहे.

मी डिस्कचं विचारलं. तिने टेबलामागे वाकून पाहिलं आणि तशीच वाकलेली राहिली. डिस्क कॉम्प्युटरलाच लावलेली होती. प्रत करून मी ती काढलीच नव्हती. जे घरात शिरलं ते तिथेही गेलं.

मी उतरवलेल्या फाइलचं पूर्ण नाव तिने मला दाखवलं. गाण्याच्या नावाच्या शेवटी ई-एक्स-ई, म्हणजे प्रोग्रामची फाइल. कॉम्प्युटर नावाचा शेवट लपवून ठेवतो आणि चिन्ह काय, कुणीही कसलंही चिकटवतं. तो शेवट दिसेल अशी सोय तिने करून दिली. खरं-खोटं समजत नसेल तर मला हाक मारा, अँटिव्हायरस बंद करू नका, आणि परवानगी मागणाऱ्या चौकटीला घाईत होय म्हणू नका. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

सगळं पुसून कॉम्प्युटर नव्याने लावून दिला. कुलूप लागलेल्या फायली मात्र डिस्कवर ठेवल्या. म्हणाली, कधीकधी कुणीतरी किल्ली शोधून काढतं. तिलाही ते खरं वाटत नव्हतं.

१० मार्च

ह्यांना सांगितलं. समोर बसून, पहिल्यापासून. पाटी जवळ होती, ह्यांनी घेतली नाही. मग उठून बाल्कनीत गेले आणि अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत.

माझ्या हाताने गेला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी निदान विचारून नेला होता.

१४ मार्च

जेवण दोघांचंही होत नाही. हे माझी ताटली उचलून ठेवतात, मला उठू देत नाहीत. त्याने जास्तच लागतं.

२१ मार्च, शनिवार

मुलगी जहाजावरून परतली, फोन केला. लिंक तिची नव्हती. रेकॉर्डिंगची प्रत? ‘सरांचा आवाज सरांच्या घरीच राहू दे म्हणून मी जवळ ठेवली नाही, काकू.’

प्रोग्राम तिने पुन्हा पाठवला. सोबत फाइलचा लांबलचक आकडा, बोटाच्या ठशासारखा. तो फोनवर स्वतः वाचून दाखवला. फाइलमध्ये कुणी एवढंसं जरी काही घुसवलं तरी आकडा बदलतो. अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, जुळलं, मगच उघडली. आता मला सगळं येतं!

प्रोग्राम सुरू झाला. ह्यांनी एक शब्द टाइप केला. रेकॉर्डिंग नव्हती म्हणून प्रोग्राममधल्याच कुणा परक्या माणसाच्या सपाट आवाजात ‘पाणी’ ऐकू आलं.

मी आत जाऊन पाणी आणलं.

२२ मार्च

सकाळी ह्यांनी पाटी माझ्या मांडीवर ठेवली. बराच वेळ खपून, लहान अक्षरांत लिहिलेली.

‘ती पहिली, प्रोग्रामची फाइल मीच काढून टाकली होती. स्पीकर बोलला की तू त्याच्याकडे बघून उत्तर द्यायचीस. मी शेजारी बसलेला असायचो.’