मस्कतच्या भावाला ८ मेपर्यंत हयात धरण्याबाबत

प्रति,
मा. आयकर अधिकारी साहेब,
स्टेशनसमोरची इमारत, दुसरा मजला.
(समक्ष साहेबांच्या हाती. आवक टेबलावर देऊ नये.)

अर्जदार : हरिचंद्र रामभाऊ देसले, फिटर, अंबरनाथ एमआयडीसी. राहणार बेलवली, बदलापूर (पश्चिम).

विषय : मस्कतहून आलेली रक्कम वारसाहक्काची असल्याबाबत, आणि ती ज्याची, त्यास काही काळ जिवंत ठेवण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दि. ९ मार्च.

महोदय,

१. परदेशातील भावाकडून दरमहा येणारे उत्पन्न का दाखविले नाही, असा खुलासा नोटिशीत मागितला आहे. दरमहा काहीही येत नाही. अर्जदाराचा भाऊ जयदेव मस्कतला क्रेन चालवीत असे व गेल्या श्रावणात तेथेच वारला. त्याचे लग्न झालेले नव्हते. त्याची शिल्लक वारस म्हणून अर्जदाराच्या बँक खात्यात जानेवारीत एकदाच जमा झाली. वकील म्हणतात, वारशाचा पैसा उत्पन्नात धरत नाहीत, कर लागला तर पुढच्या व्याजावर. म्हणजे मृत्यूचा दाखला जोडला की प्रकरण मिटते. दाखला अर्जदाराजवळ आहे. अडचण इथूनच सुरू होते.

२. भाऊ गेल्याची तार अर्जदाराच्या कारखान्याच्या पत्त्यावर आल्यामुळे ती अर्जदार व पत्नी द्रौपदी यांखेरीज कोणास ठाऊक नाही. तेव्हा मुलगी सुहासिनी हिचे स्थळ पाहणे चालू होते. घरात मयत झाल्यास वर्षभर तिथे सोयरीक करायची नाही, असा मुलाच्या आजीचा दंडक आहे. सुहासिनीचे याआधी दोनदा मोडलेले. म्हणून तार खिशातच राहिली. पुढे सुपारी फोडायच्या बैठकीत रिवाजाप्रमाणे दोन्हीकडून चढवून बोलणे झाले. मुलाकडून भाताची गिरणी निघाली (ती चुलत्याची आहे, हे मागाहून कळले). त्यावर अर्जदाराच्या तोंडून निघून गेले, "आमचा जयदेव महिन्याच्या महिन्याला पाठवतो, पैशाची काय चिंता नाय." आजीने लगेच परदेशी ब्लँकेट मागितले. ते अर्जदाराने उल्हासनगरच्या बाजारातून आणून भावाच्या नावे पोचवले. ते पांघरून आजी रोज जयदेवला दीर्घायुष्य चिंतते.

३. मुलाचे मामा भगवंतराव आपल्याच कार्यालयात आहेत. माणूस भला आहे, पण नव्या सोयऱ्यांची बढाई त्यांनी चहाच्या वेळी साहेबांसमोर मारली आणि पुढच्या आठवड्यात नोटीस आली. फायलीला प्रत्येक कागद तेच लावतात. दाखला आधी ते वाचणार, संध्याकाळी आजी ऐकणार आणि लग्न मोडणार.

४. भाऊ जिवंत आहे असे म्हणून गुपचूप कर भरावा, असेही मनात आले. पण मग पैसे का थांबले, म्हणून पुढच्या साली पुन्हा नोटीस. मेलेल्या माणसाची नोकरी कुठवर टिकवायची, याला मर्यादा आहे.

५. तरी विनंती की, जयदेव देसले यास साहेबांच्या कपाटात मयत व बाकी सर्वत्र ८ मेपर्यंत हयात समजावे. ८ मे रोजी लग्न आहे. सोबतचा लिफाफा तोवर कुलपात असावा. साहेबांनी लग्नास अवश्य यावे, फक्त मंडपात भावाची चौकशी करू नये.

६. बुधवार, ११ मे रोजी अर्जदार बेलवलीत भाऊ गेल्याचे सांगणार आहे. जयदेव पुष्कळ लहान, अर्जदाराच्या खांद्यावर बसून शाळेत गेलेला. शेजारी ऐकतील म्हणून त्याच्यासाठी घरात आजवर रडता आलेले नाही. त्या दिवशी कृपया सुनावणी ठेवू नये.

आपल्या भरवशावर भाऊ जिवंत ठेवलेला,
नम्र अर्जदार,
(सही) ह. रा. देसले
बेलवली, दि. २२ मार्च १९८८

सोबत :
१. मृत्यूचा दाखला (बंद लिफाफ्यात).
२. रक्कम एकदाच आल्याचे बँकेचे पत्र.
३. ब्लँकेटची पावती, उल्हासनगर (मयताने काही पाठविले नसल्याचा पुरावा).
४. लग्नपत्रिका. निमंत्रकांत जयदेवचे नाव छापले आहे. ते खोडायचे नाही.