आलो की आले?

४ जून

ती. मोठ्या काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या नव्या रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण वाचलं. निनावी पत्रात कुठेच 'आलो' नाही, 'आले' नाही, नुसतं 'येईन, बघून घेईन'. म्हणून तुमचा गुप्तहेर म्हणतो, पत्र बाईचंच. काका, ही तर उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणीतरी काहीतरी लपवतंय, एवढंच त्यातून सिद्ध होतं. बाबांनी हे पहिल्या वाचनातच पकडलं असतं. पण सहा वर्षांपूर्वी त्यांनी चारचौघांत तुमची अशीच चूक काढली आणि तुम्ही भावाभावांनी अबोला धरलात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी येते. सोबत आणखी एकजण येईल. चहा घेईल, जास्त बोलणार नाही.

लोभ आहेच, तो रागावूनही टिकू द्यावा.

आपली,
चिमणी

७ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

गुरूची विद्या गुरूलाच? 'येईल, घेईल, बोलणार नाही.' तो की ती, पत्ता नाही. मैत्रीण असती तर तू तिचं अख्खं पुराण लिहिलं असतंस. तेव्हा मुलगा आहे, आणि लग्नाचं घाटतंय. सतरा रहस्यकथा काय उगाच लिहिल्या? काकूने पडदे धुवायला काढलेत.

तुझा बाप आडवा आला तर मी स्वतः त्याच्याशी बोलेन. त्याला माझ्यात कसला रस म्हणा. सहा वर्षांत इकडे फिरकला नाही. पण तुझ्यासाठी तेवढं करीन.

मुलगा काय करतो ते कळव.

तुझा,
मोठा काका

१० जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हसून हसून पुरेवाट झाली. माझं लग्नबिग्न काही नाही. लपवलं हे बरोबर ओळखलंत. काय लपवलं ते मात्र मनानेच ठरवलंत.

येणार आहेत ते बाबा. आधी सांगितलं तर तुम्ही नाही म्हणाल, अशी भीती वाटली. पेन्सिल घेऊन तुमचं प्रकरण त्यांनी तीनदा वाचलंय. तुम्ही नको म्हणालात तर आपण खाली बाकावर बसून राहू, म्हणतात. हो की नाही, तेवढं कळवा.

उत्तराची वाट पाहणारी,
चिमणी

१३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पोरीने मला पुरतं उघडं पाडलं. ते प्रकरण रद्द. उरलेल्या चुका काढायला ये. चारचौघांत काढल्यास तरी चालेल.

तू इतकी वर्षं आला नाहीस, यावरून तुला यायचंच नाही असा निष्कर्ष मी काढला. मी कधी बोलावलंच नाही, हे ध्यानातच घेतलं नाही. आता बोलावतो. बाकावर बसायचं नाही, सरळ वर यायचं.

लोभ असावा असं लिहीत नाही. तो होताच.

तुझा,
दादा