पावसाळा वगळून

अण्णा, परवा जेवताना माझी नात म्हणाली, "आजी, आमच्या कामाला मुदतवाढ मिळाली, पावसाचे दिवस धरून दिले." ती रस्त्याच्या कामावर इंजिनीअर आहे. सगळे खूश होते. "आधीच धरायला काय झालं होतं मेल्यांना?" असं मी इतक्या जोरात म्हटलं, की पोरगी बावरलीच. बिचारीला काय ठाऊक! तिला सांगायचं सोडून तुम्हाला लिहायला बसलेय, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर.

तुम्ही सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. कुठल्या कामाला किती मुदत द्यायची, ते तुमच्या अंदाजावर ठरायचं. त्यासाठी तुम्ही दारावर येणाऱ्या भाजीवालीलाही विचारायचात, तुमच्याकडे कापणी कधी उरकते, माणसं कधी मोकळी होतात? "सरकारचं वर्ष बारा महिन्यांचं, रस्त्याचं आठच," हे तुमचं नेहमीचं. पनवेलच्या पावसात डोंगराला हात लावायचा नाही, इतकं साधं होतं ते. गावापुढचा हमरस्ता डोंगराची कड कापून रुंद करायचा निघाला, तेव्हा तुम्ही लिहिलंत, मुदत एक वर्ष, पावसाळा वगळून. मोठ्या साहेबांनी शेवटचे दोन शब्द काढायला सांगितले. पुढच्या गणपतीच्या आत रस्ता खुला करतो, असा त्यांनी वर शब्द देऊन ठेवला होता. जमत नसेल तर बदलीची तयारी ठेवा, म्हणाले.

ती दुपार माझ्या डोळ्यांपुढे आहे. तुम्ही पाटावर बसलायत, भातावरचं वरण निवून गेलंय, आणि मी मोरीपाशी भांडी विसळतेय. माझी दोन स्थळं मोडून तिसरं जुळत आलेलं. मुलगा पनवेलच्याच शाळेत मास्तर, माणसं भली, पण शिक्षेची बदली झालेल्याची मुलगी कोण करून घेतो? तुम्ही म्हणालात, "अगं, ऐन पावसात ठेकेदार माणसं डोंगराखाली घालेल. उशीर झाला की रोजचा दंड आहे त्याला." आई वाढता वाढता थांबली. "अहो, आधी पोर उजवा. डोंगराचं डोंगर बघेल." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी मान खाली घातली, पण अण्णा, मनातून मी देवाला हात जोडत होते, की तुम्ही आईचं ऐकावं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते दोन शब्द काढून सही केलीत. वैशाखात माझं लग्न झालं.

आषाढात रीतीप्रमाणे मी माहेरी आले, तेव्हा मागल्या दारी नेरे गावची ती बाई आली. उघडिपीत रस्त्यावर खडी वाहायची, पावसात शेती करायची, आणि आपल्याकडे लाकडं, रानभाजी आणून द्यायची तीच. डोक्यावरचं इरलं पागोळीखाली ठेवून तिनं आधी मला न्याहाळलं. "बरी दिसतंस गो पोरी." मग तुमच्याकडे वळली. "आण्णा, मिरग लागला का आमी भाताच्या आवणीला जातो. या सालाला मुकादम सोडीत नाय. काम पुरा झाल्याबिगर कोण जायाचा नाय बोलतो. वरची माती फुगलेय. तुमी सांगा ना कोनाला तरी." तुम्ही तसेच छत्री घेऊन निघालात. परत आलात ते भिजून, उतरल्या तोंडानं. ठेकेदार म्हणे हसला होता. "रावसाहेब, मुदत तुमच्याच हातची आहे की!"

त्याच आठवड्यात सकाळी कडा खाली आला. चौघीजणी गेल्या, त्यांत ती. चिखलानं माखलेले तुम्ही घरी येऊन ओटीवर बसलात आणि आईला म्हणालात, "हातावरून ओळखलं. आपल्या मांडवात भरलेला चुडा होता." आईनं पदर तोंडात कोंबला. मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. चौकशी झाली, डोंगर ठिसूळ होता, असं ठरलं. मोठ्या साहेबांना बढती मिळाली. आणि ठेकेदाराला मुदत वाढवून दिली, पावसाळा वगळून. केवढा संताप झाला होता मला, अण्णा! आता आठवले वगळायचे महिने? पण तो संताप मी काढणार कोणावर?

नंतर मी माहेरी आले की निघताना तुम्ही वेशीपर्यंत सोबत यायचात आणि पिशवी माझ्या हातात देताना विचारायचात, "सुखात आहेस ना?" दर खेपेला. मी म्हणायची, "चाललंय." तुमचा चेहरा पडायचा, ते मला दिसायचं. तरी मी दुसरं काही बोलले नाही. 'हो' म्हटलं असतं तर सौदा बरा झाला, असं म्हटल्यासारखं झालं असतं, आणि ते माझ्या जिभेवर येईना. शेवटच्या दुखण्यातही तुम्ही तेच विचारलंत, आणि मी तुमचं पांघरूण सारखं करत बसले.

हे पत्र मी नातीला दाखवणार नाही. ती विचारील, मग त्या चौघींचं काय? पण तुम्हाला सांगते, अण्णा. हे, तुमचे जावई, फार चांगले निघाले. कधी आवाज चढवून बोलले नाहीत. मी सुखात होते. पहिल्या वर्षापासून.