माळढोक, नर, एक

अण्णा, तुमची पक्ष्यांची वही मागायला परवा दोन पोरी आल्या होत्या. कॉलेजात शिकतात, गळ्यात दुर्बिणी. कर्जतच्या माळावर बहात्तरच्या दुष्काळात कुणी एक मास्तर दर रविवारी पाखरं लिहून ठेवायचे, असं त्यांनी कुठूनसं ऐकलेलं. तुमचे वडील काळाच्या किती पुढे होते, आजी, असं म्हणाल्या. मला आधी हसू आलं, आणि मग असा राग आला की चहाच्या निमित्तानं मी आत निघून गेले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, राग काही गेला नाही.

माळढोकाच्या जवळ कसं जायचं ते तुम्हीच मला शिकवलंत. पायी येणारा माणूस दिसला की तो लांबूनच उठतो, पण बैलगाडीला भीत नाही, ती त्याच्या रोजच्या बघण्यातली. म्हणून शेजारच्या आबांची गाडी घ्यायची, बैलांची घुंगरं तशीच वाजू द्यायची आणि सरळ त्याच्याकडे न जाता लांबून फेरा धरायचा. मग एकेक फेरा लहान करत आणायचा. कासरा माझ्या हातात, कारण तुमच्या हातात वही. एकदा मी घाईनं गाडी सरळ घातली आणि तो उडून गेला. केवढे कडाडलात तुम्ही! "कुणाच्या दारात अशी घुसतीस का?" म्हणालात. सतरा वर्षांची होते मी, रडू आलं, पण ते बोलणं मला आवडलं होतं. त्याच्या दारात अदबीनं जायचं, असं मी मनाशी धरून बसले.

त्या आश्विनात माळावर गवत नव्हतंच, नुसती कुसळं. अर्धं गाव खडी फोडायला गेलेलं. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी, आणि तिच्या भाकरी थापताना आई रोज तिचा उद्धार करायची. तरी घारींसारख्या त्या भोवत्या ठरल्या वेळी आल्या, माळावरून खालून खालून तरंगायला लागल्या. दरवर्षी थंडीच्या तोंडाला लांबून येतात म्हणून तुम्ही त्यांना पाहुणे म्हणायचात. वहीतसुद्धा 'पाहुणे आले' एवढंच लिहायचात. त्यामुळे शनिवारी तुम्ही म्हणालात की उद्या पाहुणे आहेत, गाडी सांगून ठेव, तेव्हा मी हरखून दुर्बिणीच्या काचा पुसून ठेवल्या. इतकी बावळट मीच.

सकाळी दारात जीप उभी राहिली. तुमच्या बदलीचा कागद ज्यांच्या टेबलावर अडकला होता ते साहेब, आणि त्यांचे मेहुणे. दोघं बैलगाडीत मागं बसले, मांडीवर घोंगडी पसरलेली. घोंगडीखाली लांबडं काहीतरी होतं. मी ते पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं.

"तू बैलांकडं बघ," तुम्ही म्हणालात.

मी फेरा धरते. एक, दोन, तीन. तो उभा आहे, पांढरी मान ताठ, डोक्यावर काळी टोपी. आमच्याकडे बघतो, मग वाकून नाकतोडा टिपतो. घुंगरं वाजताहेत. मला कासरा ओढता आला असता, एक हाळी देता आली असती. चौथ्या फेऱ्याला तुम्ही शाळेतल्या आवाजात हळूच म्हणता, थांबव. बार झाला तसे बैल उधळले, आणि ते आवरण्यातच मी गुंतले. मागं वळून पाहिलं तेव्हा मेहुणे धावत निघाले होते आणि तुम्ही वहीत लिहीत होतात.

दिवाळीनंतर बदलीचा कागद आला. आपण तालुक्याच्या गावी आलो, मी पुढं शिकले, नोकरीला लागले. त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाही. तुम्ही गेल्यावर मी ती वही पहिल्यांदा उघडली. त्या रविवारच्या पानावर तुमच्या सुरेख अक्षरात लिहिलंय, 'माळढोक, नर, एक. अंतर तीस पावलं.' आणि पुढच्या रविवारी, 'माळढोक आढळला नाही.' अहो अण्णा, आढळणार कुठून? वहीत एक अक्षर खोटं नाही, आणि याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड येते.

पोरी रविवारी परत यायच्या आहेत. त्यांना वही छापायची आहे, वर माझ्याकडून तुमच्यावर चार ओळी हव्यात. या कागदाची घडी करून वहीतच घालावी आणि होऊ द्यावी तुमची शोभा, असं ठरवून मी लिहायला बसले होते. पण नाही घालणार. वही देईन, कागद नाही.

कारण साहेबांनी जाताना एक तंगडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. आईनं दुपारी तिचं कालवण केलं. तुम्ही पोट बरं नाही म्हणून पानावरून उठलात. मी बसून राहिले. कितीतरी महिन्यांनी घरात रस्सा शिजला होता, अण्णा. आईनं विचारलं, अजून वाढू का, तर मी ताट पुढं केलं. तुमच्या वाटचंही मीच खाल्लं.